सरकारी कर्जरोखे : सरकार कुणाचे कूळ?

आमच्या घरात 'रोखा' हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाई. आजोबांनी सावकाराच्या कागदावर उठवलेल्या अंगठ्याची हकीकत मी लहानपणापासून ऐकत आलो. कागदावर काय लिहिले होते ते आजोबांना वाचता येत नव्हते. ज्याला वाचता येत होते तोच घेणेकरी होता. पुढे घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू लागलो. पण रोखा म्हटले की आजही डोळ्यांसमोर आधी तो अंगठा येतो.

गेल्या वर्षी मी एक सरकारी रोखा विकत घेतला. रक्कम दहा हजार रुपये. वडिलांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजी सरकार आता आपलं कूळ झालं म्हन की!"

मी हसलो. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकार खरोखर कुणाचे कूळ आहे? त्याच्या कर्जाचे व्याज कोण भरतो? आपल्या चळवळीत सावकारी कर्जाबद्दल पुष्कळ बोलले गेले. सरकारच्या कर्जाबद्दल आपण फारसे बोलत नाही. म्हणून अगदी पहिल्या पायरीपासून हा विषय मांडतो.

सरकारचा खर्च कर आणि इतर उत्पन्नातून भागत नाही, तेव्हा उरलेली तूट ते मुख्यतः कर्ज काढून भागवते. कर्ज घेताना ते जो लेखी वायदा करते तो रोखा. अमुक रक्कम घेतली, अमुक दराने व्याज देऊ, अमुक तारखेस मुद्दल परत करू, एवढाच त्याचा मजकूर. एकेकाळी हा खरोखरचा कागद असे. आता ती रिझर्व्ह बँकेच्या हिशेबातली एक नोंद असते. केंद्राचे आणि राज्यांचे हे कर्ज उभारण्याचे काम रिझर्व्ह बँक पाहते.

मुदतीप्रमाणे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला ट्रेझरी बिलांचा. ही बिले फक्त केंद्र सरकार काढते. मुदत ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांची. ह्यांवर वेगळे व्याज मिळत नाही. समजा, दहा हजारांचे ९१ दिवसांचे बिल ९,८४० रुपयांना मिळाले. मुदत संपताच पूर्ण दहा हजार हाती येतात. मधले १६० रुपये हेच व्याज. वर्षाच्या हिशेबाने ते साडेसहा टक्क्यांच्या आसपास पडते. सावकार आधी व्याज कापून घेऊन उरलेले पैसे हातावर ठेवतो, तोच हा प्रकार. फक्त येथे कर्ज घेणारा सरकार आहे.

दुसरा प्रकार दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा. ते साधारणपणे पाच ते चाळीस वर्षांचे असतात; २०२३ साली पन्नास वर्षांचा रोखाही निघाला. त्यांच्या नावातच सारा करार असतो. उदाहरणार्थ, '७.१८ टक्के जीएस २०३३' म्हणजे शेकडा ७.१८ व्याज देणारा आणि २०३३ साली फिटणारा केंद्राचा रोखा. दहा हजारांवर वर्षाला ७१८ रुपये. ते सहा-सहा महिन्यांनी ३५९ च्या दोन हप्त्यांत मिळतात. राज्य सरकारेही असे रोखे काढतात. महाराष्ट्र शासनाच्या रोखेविक्रीच्या सूचना वर्तमानपत्रांत छापून येतात. आपण त्या न वाचताच पान उलटतो.

हे रोखे लिलावाने विकले जातात. बँका, विमा कंपन्या आणि मोठे व्यापारी बोली लावतात. लहान माणसाला बोलीचा अंदाज कोठून येणार? म्हणून त्याने फक्त रक्कम सांगायची. लिलावात ठरेल तो भाव त्याला लागू होतो. किमान रक्कम दहा हजार. पूर्वी हा बाजार सामान्यांना जवळजवळ बंदच होता. १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' योजनेत कुणालाही विनाशुल्क खाते उघडता येते. बँकेतले बचत खाते, पॅन, ओळखपत्र, मोबाइल आणि ईमेल एवढे लागते. मधला दलाल लागत नाही.

येथे माझे विद्यार्थी हमखास अडखळतात ती गोष्ट सांगितली पाहिजे. व्याजदर वाढले की जुन्या रोख्याची किंमत उतरते. असे का व्हावे? तुमच्याजवळ ७१८ रुपये देणारा दहा हजारांचा रोखा आहे, आणि उद्या सरकार ८०० रुपये देणारा नवा रोखा काढते. तुमचा जुना रोखा दहा हजारांना कोण घेईल? तो विकायचा तर किंमत उतरवावी लागेल. फिटायला एकच वर्ष उरले असेल तर ती सुमारे ९,९२० रुपयांवर येईल, दहा वर्षे उरली असतील तर सुमारे ९,४५० वर. दर उतरले तर उलट घडते. मुदतीपर्यंत थांबणाऱ्यास मुद्दल पूर्ण मिळते. मधेच नड आली आणि विकावे लागले, तर तोटा होऊ शकतो. आणि नड आपल्याच घरांत अधिक येते, हे विसरून चालणार नाही.

आणखी दोन गोष्टी. ह्या व्याजावर आयकराचे नियम लागू आहेत. आणि महागाई सात टक्क्यांनी वाढली तर ७.१८ टक्क्यांतून खरी कमाई जवळजवळ शून्य उरते. पैसा बुडण्याची भीती जवळपास नाही, पण तो झिजण्याची आहे. ज्याच्या डोक्यावर शेकडा तीन रुपये महिन्याचे, म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांचे कर्ज आहे, त्याने सरकारी रोख्याच्या नादी लागू नये. आधी ते कर्ज फेडावे.

मग ज्याच्यापाशी दहा हजार शिल्लकच नाहीत त्याचा ह्या विषयाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे.

पहिला असा की, आपण न कळत आधीच सरकारला कर्ज देत आहोत. प्रत्येक बँकेने आपल्या ठेवींचा ठरावीक हिस्सा मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवावा असे कायद्याचे बंधन आहे. सध्या तो १८ टक्के आहे. बँका प्रत्यक्षात त्याहून अधिक ठेवतात. आयुर्विम्याचा हप्ता, भविष्य निर्वाह निधी ह्यांचाही मोठा भाग तिकडेच जातो. सफाई कामगाराच्या बचत खात्यातले पैसे असे सरकारपर्यंत पोचतात. त्याला बँक तीन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी देते. सरकारकडून मिळणाऱ्या सात टक्क्यांतले बाकीचे वाटेतच राहतात.

दुसरा संबंध अधिक गंभीर आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण अंदाजित खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये होता, त्यातले १२.७६ लाख कोटी केवळ व्याजाचे. म्हणजे चार रुपयांतला एक रुपया. हा रुपया करांतून येतो, आणि कर साबणाच्या वडीवरही आहे, चपलेच्या जोडावरही आहे. तो सर्वच भरतात. व्याज मात्र ज्याच्यापाशी रोखे आहेत त्यालाच मिळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न फार लवकर ओळखला होता. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठातील एम. ए. साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा आणि अर्थव्यवहाराचाच अभ्यास केला. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य गेले, पण तिचे कर्ज भारतीय महसुलावर लादले गेले. कर्ज काढणारा एक आणि फेडणारा दुसरा, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. पुढे संविधानाच्या २९२ व्या अनुच्छेदाने केंद्राच्या कर्जास मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला. संसद तो अधिकार वापरील, ही अपेक्षा बाबासाहेबांनी १९४९ साली घटना समितीत स्पष्टपणे बोलून दाखवली. वित्तीय जबाबदारीचा कायदा व्हायला २००३ साल उजाडले.

संविधानातली आणखी एक तरतूद कार्यकर्त्यांनी नीट वाचावी. अर्थसंकल्पात खर्चाचे दोन भाग असतात : दत्तमत आणि भारित. दत्तमत खर्चाला सभागृहाची मंजुरी मतदानाने घ्यावी लागते. भारित खर्चावर चर्चा करता येते, मतदान नाही. कर्जाचे व्याज आणि परतफेड भारित खर्चात मोडतात. शिष्यवृत्त्या दत्तमत खर्चात.

मी बी. ए. ला असताना शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष संपून गेल्यावर हाती आली. कार्यालयात चकरा मारल्या की एकच उत्तर मिळे : "निधी आलेला नाही." खाणावळीचे पैसे वडिलांनी उसनवारी करून भरले, आणि त्यावर व्याज दिले. माझ्या रोख्याचे व्याज मात्र ठरल्या तारखेस खात्यात जमा होते. कुणापुढे अर्ज नाही, चकरा नाहीत. सरकारला तारीख पाळता येते, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

येथे गैरसमज नको. घेणेकऱ्याचे देणे वेळेवर देऊ नये असे मी म्हणत नाही. ते थकले तर उद्या सरकारला कर्ज मिळणार नाही, आणि मिळाले तर चढ्या दराने मिळेल. कर्ज काढणे हेही पाप नव्हे. धरण, शाळा, वसतिगृह ह्यांसाठी काढलेले कर्ज पुढच्या पिढीला काही देऊन जाते. माझे म्हणणे एवढेच की रोखेधारकाला दिलेला वायदा जितका पक्का, तितका विद्यार्थ्याला दिलेला का नसावा? एकाचे व्याज संविधानाने सुरक्षित आणि दुसऱ्याची शिष्यवृत्ती 'निधी उपलब्ध झाल्यास', हा फरक निसर्गाने केलेला नाही. तो माणसांनी केला आहे, आणि माणसांना बदलता येईल.

त्यासाठी आधी वाचावे लागेल. अर्थसंकल्प मांडला गेला की आपण आपल्या वाट्याची तरतूद पाहतो आणि थांबतो. त्याशेजारी व्याजाचा आकडा मांडावा. राज्याच्या रोखेविक्रीची सूचना आली की किती कोटी, किती वर्षांसाठी आणि कशासाठी हे विचारावे. महाविद्यालयांतल्या अभ्यासमंडळांनी वर्षातून एक बैठक ह्या विषयाला द्यावी.

वडिलांना मी नंतर सांगितले की सरकार आपले कूळ आहे हे अर्धेच खरे आहे. त्याचे व्याज आपणही भरतो, हे उरलेले अर्धे. त्यांनी विचारले, "मंग कागदावर काय लिवलंय ते तू वाचलंस का?"

वाचले आहे, असे मी म्हणालो.