पहाटे साडेपाचची यादी

सोमवार ते शुक्रवार, आपल्याकडे पहाटे साडेपाचला (हिवाळ्यात साडेसहाला) ‘आर्काइव्ह’ या संकेतस्थळाची नवी यादी लागते. जगभरातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी आणि गणितज्ञांनी नुकतेच लिहून पूर्ण केलेले निबंध तीत असतात. कुणीही ते फुकट वाचावेत. ती चाळल्याशिवाय माझी सकाळ सुरू होत नाही. यादीत जागा मिळते ती क्रमाने. आदली मुदत संपताच ज्याचा निबंध पोचतो, तो सर्वांत वर. ही मुदत भारतात उन्हाळ्यात रात्री साडेअकराला संपते. वरच्या निबंधांचे दाखले पुढे जास्त दिले जातात, असे खुद्द आर्काइव्हच्या जनकाने सहकाऱ्याबरोबर केलेल्या अभ्यासात दिसले!

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो. १६६५ साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्गने ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ काढले. नियतकालिके वाढली, छापण्यापूर्वी जाणकारांकडून निबंध तपासून घेण्याची रीत पडली, आणि विसाव्या शतकात हा मोठा धंदा झाला. लिहिणारे व तपासणारे बहुधा बिनमोबदला राबतात आणि वर्गणी ग्रंथालये भरतात.

छापून यायला महिनोन्‌महिने लागत, म्हणून कणभौतिकीतले लोक टंकलिखित प्रती एकमेकांना टपालाने धाडत. त्यांना प्रीप्रिंट म्हणत. प्रिन्स्टन, हार्वर्डला त्या आधी पोचत. मुंबईला आठवड्यांनी, तेही कुणी आठवणीने धाडल्या तर. हुशारी असूनही केवळ पत्त्यामुळे मागे पडायचे, याची मला चीड येते. ऑगस्ट १९९१मध्ये लॉस अलामॉसच्या पॉल गिन्सपार्ग यांनी ई-मेलवर चालणारा साठा, म्हणजेच आजचे आर्काइव्ह, सुरू केला आणि हे अंतर पुसून टाकले. वर्षाला शंभरेक निबंध येतील असा त्यांचा अंदाज होता. पहिल्या सहा महिन्यांतच चारशे आले. २००१मध्ये आर्काइव्ह कॉर्नेल विद्यापीठात गेले. आज तिथे वीस लाखांहून अधिक निबंध आहेत.

या सगळ्यात माझा जीव अडकला आहे तो फेब्रुवारी १९९४मध्ये. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशोक सेन तेव्हा काम करत होते. नेव्हीनगरच्या टोकाला समुद्राला लागून असलेली ती इमारत मी पाहिली आहे. तिच्यापुढच्या हिरवळीवर उभे राहिलो तेव्हा मनात सेन यांचा त्या महिन्यातला निबंध होता. काही सिद्धांतांत बलाचा जोर प्रबळाचा दुर्बळ किंवा दुर्बळाचा प्रबळ केला तरी भौतिकी तीच राहते, अशी ‘द्वैता’ची एक कल्पना होती. ती खरी असेल तर चुंबकीय एकध्रुवांची (एकच ध्रुव असलेल्या कणांची) एक विशिष्ट जोडगोळी अस्तित्वात असायलाच हवी. सेन यांनी ती गणिताने दाखवली. निबंध अगदी छोटा. तो आर्काइव्हवर चढला आणि प्रिन्स्टनच्या एडवर्ड विटन यांच्यासारख्यांना द्वैताची ही कल्पना गांभीर्याने घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी स्ट्रिंग सिद्धांताचा नकाशा बदलला. ‘फिजिक्स लेटर्स’मध्ये तो छापला गेला, पण नंतर. २०१२मध्ये मूलभूत भौतिकीचा पहिला पुरस्कार मिळालेल्या नऊ जणांत सेन होते.

गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन यांनी तर २००२–०३मध्ये प्वांकारेच्या अटकळीची सिद्धता फक्त आर्काइव्हवर टाकली. नियतकालिकाकडे पाठवलीच नाही.

न तपासलेले सर्वांपुढे ठेवण्यात धोका आहेच. जानेवारी २०२०च्या अखेरीस दिल्लीच्या संशोधकांचा, नव्या करोना विषाणूत एचआयव्हीशी जुळणारे तुकडे असल्याचा निबंध जीवशास्त्रासाठीच्या ‘बायोआर्काइव्ह’वर आला आणि जगभर खळबळ उडाली. जाणकारांनी उघडपणे चुका दाखवल्या, आणि दोनतीन दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. छापील नियतकालिकांत हेच व्हायला वर्षे लागतात. मला उघडी तपासणीच जास्त भरवशाची वाटते.

ग्रंथालयांच्या वर्गणीचा प्रश्न मात्र उरतोच. त्यासाठी आपल्या सरकारने २०२४मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना खुली झाली आहेत. जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला हे मिळते, याचा आनंद आहे. पण शेजारच्या खासगी महाविद्यालयातली मुलगी बाहेरच राहते, आणि पैसा जातो तो वर्गणीत. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी ‘प्रमाण’सारखी आपली नियतकालिके संकेतस्थळावर सर्वांना खुली ठेवत आली आहे. या रकमेचा दहावा हिस्सा तरी अशा खुल्या व्यवस्थेवर खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे.