क्लिअरन्सचं कॉम्प्युटर कॅबिनेट घ्यायला जाताना टेप खिशात ठेवा

मार्चअखेर जवळ आली की कॉम्प्युटरची दुकाने स्टॉक मोजायला बसतात. ३१ मार्चच्या आत गोडाऊन मोकळं करायचं असतं, आणि सगळ्यात जास्त जागा अडवतो तो कॅबिनेटचा खोका. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या गावातल्या दुकानापर्यंत क्लिअरन्सच्या पाट्या लागतात. दिवाळीची गर्दी ओसरल्यावरही असंच होतं.

यंदा ग्रामीण भागातली सेवा केंद्रे, झेरॉक्सवाले, टायपिंग क्लास यांचा हा खर्च आला आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर नियमाने चालत नाही, म्हणून बोर्ड आणि प्रोसेसर बदलणं अनेकांना भाग पडलं. बोर्ड बदलला की दुकानदार म्हणतो, डबाही नवा घ्या. इथे जरा थांबायला हवं. एटीएक्स हे माप १९९५ पासून चालत आलंय. जुना डबा त्या मापाचा असेल, गंजलेला नसेल आणि बटण चालत असेल, तर नवा बोर्ड त्यातच बसतो. मग क्लिअरन्सही नको नि काही नको.

डबा घ्यायचाच असेल तर आधी घरचा बोर्ड मोजावा. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७० चा. मोठ्या डब्यात लहान बोर्ड बसतो, कारण स्क्रूची भोकं जुळतात. लहान डब्यात मोठा बोर्ड काही केल्या बसत नाही. सेवा केंद्रांत बहुतेक मायक्रो एटीएक्सच दिसतात. कंपन्यांचे तयार डेस्कटॉप जुने म्हणून घेतलेले असतात, त्यांचं मात्र वेगळं आहे. त्यातल्या अनेकांचे बोर्ड आणि एसएमपीएस त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, बाजारातल्या डब्यात बसत नाहीत. अशांनी बोर्ड काढून दुकानात सोबतच न्यावा.

आता माल क्लिअरन्सला का येतो ते पाहू. बहुतेक वेळा त्यात खराब काही नसतं, फॅशन गेलेली असते. गिऱ्हाईकाला काचेची बाजू आणि रंगीत दिव्यांचे पंखे हवे असतात. पुढून पत्र्याने बंद, डीव्हीडी बसवायची जागा असलेला साधा काळा डबा मग मागे पडतो. खरं तर गावाला हाच डबा बरा. काच फुटायची भीती नाही. पुढची जाळीही लहान, त्यामुळे रस्त्याची धूळ कमी शिरते. जमिनीची कागदपत्रं स्कॅन करणाऱ्या मशीनला रंगीत दिवे काय करायचेत?

पुढचे पोर्ट यूएसबी २.० चेच आहेत म्हणूनही काही डबे स्वस्त होतात. त्याची ९ पिनची वायर नव्या बोर्डावर आजही लागते, आणि अंगठ्याचं यंत्र किंवा पेनड्राइव्ह त्यावर व्यवस्थित चालतो. उलटं असेल, म्हणजे डब्याला निळे यूएसबी ३.० पोर्ट आणि बोर्ड फार जुना, तर १९ पिनची वायर लावायला जागाच नसते. त्यासाठी जोडवायर मिळते, पण वेग जुनाच राहतो.

पोचा आलेला डबा घ्यायला हरकत नाही, पोचा बाजूच्या पत्र्यावर असेल तर. मागची चौकट वाकली असेल तर सोडून द्यावा, कारण मग कार्डं आणि पोर्ट सरळ बसत नाहीत. खोका उघडून स्क्रूची पिशवी आहे का तेही बघावं. त्यात बोर्डाखाली लावायच्या पितळी खुंट्या असतात. त्या न लावता बोर्ड पत्र्यावर टेकवला तर शॉर्ट होऊन बोर्ड जाऊ शकतो. मागच्या पट्ट्याही मोजून घ्याव्यात. एक पट्टी नसली तरी पाल नाहीतर उंदराचं पिल्लू आत जातं. पट्टी मिळालीच नाही तर बारीक जाळी घट्ट स्क्रूने आवळावी, सुटी राहून ती बोर्डावर पडता कामा नये.

पॉवरचं बटण नीट उठत नाही म्हणून एखादा डबा फारच स्वस्तात मिळतो. त्याला रीसेटचं बटण असेल तर त्याची वायर बोर्डावर पॉवरच्या पिनांना लावली की काम भागतं. दोन्ही बटणं फक्त दोन तारा क्षणभर जोडतात, एवढंच.

खरा धोका आहे तो ‘एसएमपीएससकट’ मिळणाऱ्या डब्यात. हातात घेतल्यावर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा एसएमपीएस, वर लेबल मात्र ४५० वॉटचं. दिवसातून चारदा लाइट जाते-येते, व्होल्टेज वर-खाली होतं, तिथे असा एसएमपीएस जळतो आणि कधी कधी बोर्ड किंवा हार्ड डिस्कही सोबत नेतो. त्या डिस्कवर गिऱ्हाइकांची कागदपत्रं असतात. तेव्हा डब्यात पैसे वाचवावेत आणि ते चांगल्या एसएमपीएसमध्ये घालावेत. घरचा चांगला चालत असेल तर तोच लावावा. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ उंच असतो. पातळ, आडव्या डब्यात तो बसत नाही. नव्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष बहुतेक वेळा डब्याचा नसून अर्थिंगचा असतो. वायरमनला बोलवावं, तिसरी पिन तोडू नये.

ऑनलाइन स्वस्त दिसतं त्यातही एक मेख आहे. अनेक कुरिअरवाले वजन न धरता आकार धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. ४५ बाय २२ बाय ४८ चा खोका चार-पाच किलोचा असला तरी साडेनऊ किलोचा धरला जातो. भाड्यातच सवलत जाते. तालुक्याहून कुणी कामाला शहरात जाणार असेल तर त्याच्यासोबत एसटीने आणलेला बरा.

बिल पक्कंच घ्यावं. क्लिअरन्सच्या मालावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असतो. नुसता रंग आवडला नाही म्हणून परत देता येईलच असं नाही, ते खरं. पण माल सदोष निघाला आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवसांत तो परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिल न देणंही त्यातच येतं. मात्र पोचा किंवा मोडकं बटण दाखवून, तसं बिलावर लिहून विकलं असेल तर त्याच दोषासाठी भांडायला फारशी जागा राहत नाही. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. फोन करताना बिल आणि खोक्यावरचा मॉडेल नंबर समोर ठेवावा, खोका तोवर फाडून चुलीत घालू नये.