चिलखत कोणाचे?

वाशिम जिल्ह्यात विहीर खोदायला घेतली की आधी काळी माती, मग मुरूम आणि मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा दगड. मालेगाव असो की मानोरा, खाली पसरलेला आहे तो बेसाल्टच, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. डायनासोर शोधणाऱ्याने इथून हात हलवत परत जावे, अशीच ही भूमी. त्यांची हाडे सापडतात ती लाव्ह्याखालच्या लमेटा थरात, आणि हा थर उघडा पडतो तो लाव्ह्याच्या कडेला: पूर्वेकडे वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा-डोंगरगावला, उत्तरेकडे जबलपूरला.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर चार्ल्स मॅटली यांना कमरेची व पायाची काही हाडे मिळाली. त्यांच्याबरोबर मिळाल्या हाडाच्या जाड चकत्या. मॅटलींनी दोन्हींची सांगड घातली आणि ‘लमेटासॉरस इंडिकस’ हा भारतातला चिलखती डायनासोर जाहीर केला. १९३५ मध्ये डी. के. चक्रवर्ती यांनी ही सांगड सोडवली. त्यांच्या मते कंबर आणि नडगी मांसाहारी डायनासोरची होती, चिलखताशी त्यांचा संबंध नव्हता. मग चकत्या कोणाच्या?

हा घोळ मॅटलींच्या उतावीळपणाचा म्हणता येईल, पण खरा दोष चिलखताच्या रचनेचा आहे. मांडीचे हाड खुब्यात बसते, मणका मणक्याला जुळतो. पाठीवरची चकती मात्र सांगाड्याला कुठेच जोडलेली नसते. ती कातडीच्या आत, तिथल्याच तंतुमय ऊतीत हाड धरून तयार होते. प्राणी मेला, कातडी कुजली की चकत्या सुट्या होतात, पुराच्या पाण्याबरोबर घरंगळतात आणि शेजारी ज्याचा सांगाडा असेल त्याच्या नावावर जमा होतात. मगरीच्या पाठीवर आजही अशाच चकत्या आहेत. खवले मांजराला मात्र या यादीत घेऊ नये. त्याचे खवले नखांच्या द्रव्याचे, त्यांत हाड नाही.

चिलखती डायनासोरांकडे ही दोन्ही द्रव्ये होती: आत हाड, वर शिंगासारखे आवरण. आवरण सहसा टिकत नाही. कॅनडातल्या अल्बर्टात २०११ मध्ये खाणीत सापडलेल्या बोरिअलोपेल्टा या चिलखती डायनासोरच्या काट्यांवर ते टिकले, म्हणून जिवंतपणी काटा नुसत्या हाडापेक्षा लांब होता हे कळले. अँकिलोसॉर या चिलखती गटातल्या प्राण्याच्या चकतीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काही प्रकारांत तंतूंचे जुडगे एकमेकांना छेदत, बाजेच्या विणीसारखे गुंफलेले दिसतात. म्हणून कमी जाडीतही ती चकती चिवट. स्टेगोसॉरसचे उभे पत्रे याच्या उलट: बाहेर हाडाची पातळ भिंत, आत पोकळ्या आणि रक्तवाहिन्यांच्या वाटा. असले पत्रे ढाल म्हणून कुचकामीच. ते ऊब सांभाळायला की मिरवायला, हा वाद जुना आहे. लढाईचे काम शेपटीच्या काट्यांचे.

पुढे अर्जेंटिनातल्या सॉल्टासॉरसने वेगळेच दाखवले. १९८० मध्ये जाहीर झालेला हा प्राणी लांब मानेचा, शाकाहारी टायटॅनोसॉर, आणि अंगावर हाडाच्या चकत्या! म्हणजे चकती सापडली की प्राणी स्टेगोसॉर-अँकिलोसॉरांपैकीच, हा हिशेब मोडला. आपल्याकडे टायटॅनोसॉरांची वाण नव्हती. डोंगरगावच्या टेकडीतून इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने काढलेला आयसिसॉरस त्यांपैकीच; नावातली पहिली अक्षरेही त्याच संस्थेची. २००९ मध्ये मायकेल डेमिक, जेफ्री विल्सन आणि शंकर चॅटर्जी यांनी भारतातली पहिली निःसंशय टायटॅनोसॉर-चकती नोंदवली.

या चकत्यांचा उपयोग काय, याचा धागा मादागास्करात मिळतो. ते बेट आणि भारत सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत जोडलेले होते. तिथल्या रॅपिटोसॉरस या टायटॅनोसॉरच्या पिल्लाची चकती भरीव, प्रौढाची आतून पोकळ. क्रिस्टिना करी रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावरून सुचवले की चकती म्हणजे खनिजांचा साठा. दुष्काळात किंवा अंडी घालताना प्राणी त्यातून कॅल्शियम काढत असावा. मला हे पटते. मुलांच्या पुस्तकांत टायटॅनोसॉरच्या पाठीवर दाट चिलखत चढवतात, त्यापेक्षा अंगावरची ही तुरळक शिदोरी जास्त खरी वाटते.

मग भारतात खरा चिलखती डायनासोर होता का? तमिळनाडूचा द्रविडोसॉरस १९७९ मध्ये स्टेगोसॉर म्हणून पुढे आला, पण ती हाडे सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची असल्याचा आक्षेप शंकर चॅटर्जींनी घेतला. अधिक जुना पुरावा प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातला: तेलंगणातल्या यमनपल्ली भागातले कवचाचे तुकडे पीटर गॅल्टन यांनी २०१९ मध्ये अँकिलोसॉरचे ठरवले. तो थर जुरासिक काळाच्या आरंभीचा, वाशिमच्या दगडाहून कितीतरी जुना. त्याला ज्या कोटा गावाचे नाव मिळाले, ते आहे प्राणहिता नदीच्या अलीकडे, गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात.