सिकलसेल : रक्तपेशीत बिघाड नेमका कुठे असतो?

वागळे इस्टेटच्या आपल्या वस्त्यांत विदर्भातून पोटासाठी आलेली घरंही आहेत. त्यांनी 'सिकलसेल' हा शब्द गावाकडे ऐकलेला असतो, इतरांना तो नवा वाटतो. मग पोराचे सांधे दुखले की तेल चोळायचं, डोळे पिवळे दिसले की कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचं, रक्त कमी निघालं की टॉनिकची बाटली आणायची. यातलं काहीच का लागू पडत नाही, हे समजायला पेशीच्या आत डोकवावं लागतं.

पेशी म्हणजे आपल्या इस्टेटीतला एक गाळा समजा. पेशीपटल हे तिचं दार. काय आत घ्यायचं, काय बाहेर सोडायचं ते तिथं ठरतं. केंद्रकात डीएनए असतो, म्हणजे कुठला माल कसा बनवायचा याची ड्रॉइंगं. त्यांची नक्कल बाहेर येते आणि रायबोसोम नावाच्या बारीक मशीनवर प्रथिनं तयार होतात. तंतुकणिका ऊर्जा पुरवतात, गॉल्गी पिंड पॅकिंग करून माल रवाना करतो, लयकारिका भंगार मोडीत काढतात. नववी-दहावीच्या पोरांना हे पाठ असतं, विचारून बघा.

तांबडी रक्तपेशी मात्र वेगळी. हाडांतल्या मगजात ती घडत असते तेव्हा तिच्यात हे सगळं असतं. हिमोग्लोबिन भरत आलं की ती केंद्रक बाहेर टाकते. मागोमाग तंतुकणिका आणि रायबोसोमही जातात. रिकाम्या गाळ्यात उरतं ते ठासून भरलेलं हिमोग्लोबिन, एका पेशीत साधारण २७ कोटी रेणू. तंतुकणिका नसल्याने वाहून नेत असलेला प्राणवायू ती स्वतः खर्च करत नाही. डबेवाला वाटेत डबा उघडून जेवत नाही ना, तसंच. पण ड्रॉइंग नाही, मशीन नाही, म्हणून दुरुस्तीही नाही. सुमारे १२० दिवसांनी ती मोडीत निघते.

सिकलसेलमध्ये चूक ड्रॉइंगमध्येच असते, तीही एका अक्षराची. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. प्राणवायू सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या लांब दोऱ्या होतात. गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. सिकल म्हणजे विळा. बारीक रक्तवाहिनीत ती अडकली की पुढे रक्त पोचत नाही. रडवणारी कळ येते ती त्यामुळे. अशा पेशी १०-२० दिवसांतच फुटतात, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे.

म्हणजे इथं लोहाची कमतरता हे मूळ कारण नाही. वारंवार रक्त चढवलेल्यांत तर लोह जास्तच साठतं. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या देऊ नका. डॉक्टर फॉलिक ॲसिड देतात, गरजेप्रमाणे हायड्रॉक्सियुरिया देतात. त्याने पेशी वाकडी होणं कमी होतं. पाणी भरपूर प्यायला द्या, थंडीपासून जपा. पांथरी निकामी होत गेल्याने जंतूंशी लढण्याची ताकद कमी असते, म्हणून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र काढू नका.

नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं. विदर्भात आदिवासींप्रमाणे आपल्या समाजातही हा दोष बराच आढळतो. यावरून कुणी 'जातीचं रक्त' वगैरे बोललं तर त्याला सांगा, जिथं पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथं हा दोष टिकला, आफ्रिकेतही आणि अरबस्तानातही. कारण एकच सदोष जनुक असलेली माणसं, म्हणजे वाहक, मलेरियातून जास्त वाचली.

वाहक हा आजारी नसतो. आई आणि बाप दोघंही वाहक असले तर मात्र प्रत्येक बाळंतपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते, वाहक असण्याची ५०. पहिलं मूल आजारी झालं म्हणून दुसरं सुटलं, असा हिशेब चालत नाही. आणि एकट्या सुनेला बोल लावण्यात तर काहीच अर्थ नाही. या आजाराला दोन सदोष जनुकं लागतात, एक आईकडून, एक बापाकडून.

लग्न जुळवताना पत्रिका आपण बघत नाही, रक्ताचा रिपोर्ट मात्र मागा, मुलीचा तसा मुलाचाही. आधी विद्राव्यता चाचणी होते. ती सदोष आली तरी वाहक की आजारी ते त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. दिवस गेले असतील तर पहिल्या महिन्यांतच दोघांनी तपासून घ्या. घरात आजारी मूल असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हे लक्षात ठेवून सरकारी रुग्णालयात प्रमाणपत्राची चौकशी करा.