सा. न. वि. वि. आणि टर्मिनलमधली छोटी नावं

घरातली जुनी पत्रं कधी चाळली आहेत का? आजोबांच्या पिढीतलं पत्र 'रा. रा.' किंवा 'ती.' असं सुरू होतं आणि पुढे लगेच 'सा. न. वि. वि.' येतं. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. दर पत्रात तेच शब्द, मग पूर्ण कशाला लिहायचे? लिहिणारा चार अक्षरं लिहायचा आणि वाचणारा मनात चार शब्द वाचायचा. दोघांनाही पूर्ण रूप ठाऊक होतं, म्हणूनच ते चालायचं. आज आपल्यातल्या किती जणांना ते सांगता येईल? अक्षरं उरली, अर्थ गळाला.

संगणकावर नेमकं हेच कसं होतं, आणि त्यात आपल्या मंडळाचं काय नुकसान झालं, ते सांगायला हा लेख. आधी कामाची माहिती देते, मग माझी चूक.

आपला ई-अंक लॅबमधल्या उबुंटूवर तयार होतो. फोटो लहान करणं, पानांच्या पीडीएफ जोडणं, सगळ्याची दुसरी प्रत ठेवणं, ही कामं आपण टर्मिनलमध्ये करतो. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी. तिथे माउस चालवायचा नाही, हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. दोनशे फोटो एकेक उघडून लहान करायला अख्खी दुपार जाते, तेच काम एका ओळीच्या कमांडने मिनिटाभरात होतं. अडचण एकच, ती ओळ लांबलचक असते आणि एक स्पेस चुकली की सगळं अडतं. म्हणून एकदा जमलेली ओळ जपून ठेवायची आणि पुन्हा वापरायची. (कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांतच करायच्या.)

ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. आपलं गाव मागांचं, म्हणून हे उदाहरण. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास असा माग तयार केला, की ज्यात कापडावरची नक्षी भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेत साठवलेली असायची. तीच माळ पुन्हा मागावर चढवली की तीच नक्षी पुन्हा उतरायची. विणकराने दर वेळी धागे मोजत बसायला नको.

टर्मिनलमध्ये हे काम 'शेल' नावाचा प्रोग्राम करतो. आपण टाइप केलेली ओळ वाचून ती पार पाडणारा तोच. बर्कलीला बिल जॉय यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या सी शेलमध्ये जुन्या कमांड परत बोलावण्याची आणि त्यांना छोटी नावं देण्याची सोय होती. आपल्या लॅबमधला शेल म्हणजे बॅश. तो ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिला आणि १९८९ मध्ये तो पहिल्यांदा बाहेर आला. त्यातही या दोन्ही सोयी आहेत.

पहिली सोय म्हणजे शेलची आठवण. वरचा बाण दाबला की मागची कमांड येते, आणखी दाबला की त्याच्या मागची. 'हिस्टरी' टाइप केलं की आकड्यांसकट सगळी यादी येते. दोन उद्गारचिन्हं (!!) टाइप केली की शेवटची कमांड पुन्हा चालते. सगळ्यात उपयोगी म्हणजे कंट्रोल आणि आर. ही दोन बटणं एकत्र दाबून जुन्या कमांडमधला कुठलाही तुकडा टाइप करा, शेल ती ओळ शोधून पुढ्यात ठेवतो. हवी ती नसेल तर पुन्हा कंट्रोल-आर दाबा, आणखी जुनी येईल. आलेली ओळ मात्र पूर्ण वाचूनच एंटर दाबा.

ही आठवण घरच्या फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये साठते आणि तिला मर्यादा असते. बॅश मुळात ५०० ओळी लक्षात ठेवतो, उबुंटूमध्ये चालू टर्मिनलसाठी ही मर्यादा १००० ओळींची असते. त्यापुढे जुन्या ओळी पुसल्या जातात. म्हणजे परीक्षेच्या आधी वापरलेली कमांड दिवाळी अंकापर्यंत टिकेलच असं नाही. आणखी एक, कमांडमध्ये पासवर्ड टाइप केला तर तोही तिथे साठतो. लॅबचं लॉगिन सगळ्यांचं एकच, तेव्हा जपून. उबुंटूवर ओळीच्या आधी एक स्पेस दिली तर ती ओळ आठवणीत जात नाही.

दुसरी सोय 'एलियस', म्हणजेच टोपणनाव. 'एलियस' हा शब्द, मग आपलं छोटं नाव, बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात पूर्ण कमांड. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस नको, इथेच सगळे चुकतात. असं केलेलं टोपणनाव टर्मिनल बंद होईपर्यंतच टिकतं. कायम हवं असेल तर तीच ओळ घरच्या फोल्डरमधल्या 'डॉट बॅशआरसी' या फाइलच्या शेवटी लिहायची आणि टर्मिनल नव्याने उघडायचं. नाव टिंबाने सुरू होतं म्हणून ही फाइल एरवी दिसत नाही. फोल्डर उघडून कंट्रोल आणि एच दाबलं की दिसते.

दर वेळी काही बदलत असेल, समजा फोल्डरचं नाव, तर एलियस पुरत नाही. तिथे 'फंक्शन' लिहायचं. त्यात बदलत्या जागी डॉलरचं चिन्ह आणि एकाचा आकडा ठेवायचा, नावापुढे जे टाइप कराल ते तिथे जाऊन बसतं. आणि काम चार-पाच ओळींचं असेल तर त्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवायच्या, त्याला 'स्क्रिप्ट' म्हणतात.

आता माझी चूक.

गेल्या वर्षी शनवाऱ्याजवळच्या एका घरातून आपल्याला एक जुना हस्तलिखित अंक मिळाला. मराठी मुलांनी वहीच्या पानांवर शाईने लिहिलेला, समासात पेन्सिलीने कुणीतरी दुरुस्त्या केलेल्या. पानं इतकी पिकलेली, की उलटताना श्वास रोखावा. आम्ही तो स्कॅन केला, वही परत दिली. एफोर पान ३०० डीपीआयने स्कॅन केलं की चित्र साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. एवढी मोठी चित्रं अंकात घालता येत नाहीत.

लॅबच्या संगणकावर आमच्या आधीच्या दादांनी केलेलं एक टोपणनाव होतं, 'फोटो'. दादा पास होऊन इंदूरला गेले, टोपणनाव राहिलं. आम्हाला एवढंच माहीत, की 'फोटो' टाइप करायचं आणि फोटो लहान होतात. मी स्कॅनच्या फोल्डरमध्ये गेले, 'फोटो' टाइप केलं, एंटर. झालं.

त्या छोट्या नावामागे होती इमेजमॅजिकची 'मॉग्रिफाय' ही कमांड. ती नवी फाइल करत नाही, मूळ फाइलच बदलते. इमेजमॅजिकचीच 'कन्व्हर्ट' वेगळी फाइल तयार करते, पण दादांनी ती वापरली नव्हती. त्यांची चूक नाही. ते आधी हाताने प्रत काढायचे आणि मग प्रतीवर 'फोटो' चालवायचे. ती सवय त्यांच्याबरोबर गेली. आमची सगळी पानं ८०० पिक्सेल रुंदीची झाली. शाई कशीबशी वाचता येत होती, पेन्सिल पुसल्यासारखी. दुसरी प्रत आम्ही ठेवलीच नव्हती.

त्या घरी पुन्हा जावं लागलं. काकूंनी काही न बोलता वही दिली. दुसऱ्यांदा स्कॅन करताना दोन पानांचे कोपरे तुटले आणि त्यातल्या एका कोपऱ्यावर लिहिणाऱ्याची सही होती. कविता वाचली, पण ती कोणाची हे आता त्या पानावरून कळणार नाही.

एंटर दाबायच्या आधी 'टाइप' ही कमांड लिहून पुढे 'फोटो' लिहिलं असतं, तर शेलने पूर्ण कमांड दाखवली असती. नुसतं 'एलियस' लिहिलं असतं तरी सगळ्या टोपणनावांची यादी आली असती. पाच सेकंदांचं काम होतं.

त्यानंतर मंडळात आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पुसणाऱ्या किंवा मूळ फाइल बदलणाऱ्या कमांडला छोटं नाव द्यायचं नाही, ती पूर्णच टाइप करायची, हात थोडा थांबलेला बरा. प्रत्येक टोपणनावाच्या वरच्या ओळीत हॅशचं चिन्ह (#) देऊन मराठीत लिहायचं, की हे काय करतं आणि आधी काय करून घ्यावं लागतं. हॅशनंतरचं शेल वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. आणि वर्ष संपताना जुन्या संपादकाने नव्याला शेजारी बसवून ही फाइल वाचून दाखवायची.

यंदाची फाइल मी लिहून ठेवली आहे. 'फोटो' त्यात आहे, पण आता ते आधी 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये प्रत ठेवतं आणि मगच काम करतं. पुढच्या संपादकांनो, वापरण्याआधी वरची ओळ वाचा. आणि नवीन काही केलंत तर तुमच्यानंतर येणाऱ्यांसाठी एक ओळ लिहून ठेवा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.