किनाऱ्यावरील कोळी आणि त्यांचे कुलगोत्र

आपल्या मराठी भाषेत 'कोळी' या एकाच शब्दाने दोघांचा बोध होतो. एक समुद्रात जाळे टाकून संसार चालविणारा मनुष्य, व दुसरा आढ्याच्या कोपऱ्यात जाळे विणून माशीची वाट पाहत बसणारा अष्टपाद प्राणी. चरितार्थ दोघांचाही जाळ्यावर. परंतु पहिला समुद्राचा व दुसरा घराचा, अशी आमची समजूत साठी उलटून गेल्यावरही कायम होती. ती दूर झाली आमच्या नऊ वर्षांच्या नातीमुळे.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही सहकुटुंब कोकणातील मूळ गावी गेलो होतो. अमावास्येचा दिवस असल्याने सुकती मोठी होती व एरव्ही पाण्याखाली असणारा कातळ दूरवर उघडा पडला होता. मुलीने एक धोंडा उलटला, तोच त्याखालून राखी रंगाचा एक लहानसा कोळी पळाला व फटीत दिसेनासा झाला. "आजोबा, हा कोणता कोळी?" असा प्रश्न आला. शिक्षकी पेशात जन्म गेला असल्यामुळे उत्तर न देणे आम्हांस ठाऊक नाही. आम्ही तत्काळ सांगितले, "हा समुद्रकोळी." मुलीने ते वहीत लिहून घेतले.

घरी आल्यावर मनास चुटपुट लागली. तिच्या वडिलांनी त्या प्राण्याचे छायाचित्र टिपले होते. ते या विषयातील एका जाणत्या गृहस्थांकडे पाठविले. त्यांचे उत्तर थोडक्यात असे : "समुद्रकोळी हे नाव चुकीचे आहे. हा खरा कोळी आहे, पण वयात न आलेला. सबब त्याची जाती सांगता येणार नाही." पन्नास वर्षे विद्यार्थ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसास हे दोन ओळींचे उत्तर बरेच झोंबले. त्यानंतर काही महिने आम्ही या विषयाचे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आमची चूक. ज्यांस 'समुद्रकोळी' म्हणतात ते पिक्नोगोनिडा या अगदी स्वतंत्र वर्गातील प्राणी होत. त्यांचे धड इतके बारीक असते की आतडीसुद्धा पायांत शिरलेली असतात. ते समुद्राच्या पाण्यातच जन्मतात व तेथेच मरतात. कोळ्याशी त्यांचे साम्य बरेचसे दिसण्यापुरते. उलटपक्षी खरे कोळी म्हणजे जमिनीवरचे, हवेत श्वास घेणारे प्राणी. त्यांस पाय आठ, शरीराचे भाग दोन, आणि पोटाच्या शेवटी तंतू काढणारी बोंडे असतात. कोळी हा कीटक नव्हे, हे येथेच सांगितलेले बरे. कीटकास पाय सहा व शिवाय मिशा असतात.

आता वर्गीकरणाकडे वळू. आपल्या पूर्वजांनी हा प्राणी पाहिला नव्हता असे नाही. अमरकोशात लूता, तन्तुवाय, ऊर्णनाभ व मर्कटक अशी त्याची चार नावे दिली आहेत. स्वतःतूनच तंतू काढणारा व तो पुन्हा आवरून घेणारा ऊर्णनाभ मुंडकोपनिषदात जगदुत्पत्तीच्या दृष्टांतासाठी आला आहे, हे पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु त्याची व्यवस्थित विभागणी केली ती सुश्रुताने. कल्पस्थानात त्याने लूतांचे १६ प्रकार सांगितले असून त्यांचे दोन गट केले आहेत : ८ कष्टसाध्य व ८ असाध्य. म्हणजे ज्यांच्या विषावर प्रयासाने का होईना उपाय चालतो त्या एकीकडे, आणि ज्यांच्यावर चालत नाही त्या दुसरीकडे. आज ही विभागणी कोणी मानीत नाही. बहुतेक कोळ्यांपासून मनुष्यास मुळीच भय नसते, हे आता सिद्ध झाले आहे. तथापि सुश्रुतास हसण्याचे कारण नाही. तो वैद्य होता व रोगी त्याच्यासमोर होता. तेव्हा विष हीच त्याची कसोटी. विभागणी कोणत्या हेतूने करावयाची यावर तिचे स्वरूप अवलंबून असते, एवढाच त्याचा अर्थ.

आधुनिक शास्त्राचा हेतू निराळा आहे. कोण कोणाचा भाऊबंद, हे त्यास ठरवावयाचे असते. या कामाचा आरंभ कोळ्यांच्या बाबतीत थोडा विलक्षण झाला. प्राण्यांस दोन पदांचे लॅटिन नाव देण्याची पद्धती स्वीडनच्या लिनीअसने १७५८ साली सर्व प्राण्यांस लागू केली व तेथूनच प्राण्यांची अधिकृत नावे मोजावी असा नियम आहे. परंतु त्याचाच देशबांधव क्लर्क याने स्वीडनमधील कोळ्यांवरील ग्रंथ त्याच पद्धतीने १७५७ सालीच छापला होता. नियमाप्रमाणे ती नावे रद्द व्हावयाची. पण ग्रंथ इतका सरस की, तो १७५८ च्या १ जानेवारीस प्रसिद्ध झाला असे मानावे, असा खास अपवाद शास्त्रज्ञांनी करून ठेवला. त्या दिवसापासून मोजता २०२२ साली ज्ञात जातींची संख्या ५०,००० वर गेली. त्या सुमारे १३० कुलांत विभागलेल्या आहेत.

हे कुल ओळखतात कसे? प्रथम विषदंत पाहतात. काही कोळ्यांचे दात दोन सुऱ्यांप्रमाणे समांतर खाली उतरतात. बहुसंख्यांचे मात्र अडकित्त्याच्या पात्यांप्रमाणे एकमेकांसमोर मिटतात. नंतर डोळ्यांची मांडणी. वाळूवर धावून शिकार करणाऱ्या लांडग्या कोळ्याचे चार लहान डोळे खालच्या रांगेत, त्यांवर दोन मोठे, व त्यांच्या मागे आणखी दोन. तर उड्या मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. मग नख्या दोन की तीन, तंतूची बोंडे किती, हे प्रश्न येतात. एवढ्याने कुल कळले तरी जाती ठरत नाही. त्यासाठी नर व मादी यांची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. कारण प्रत्येक जातीत त्यांची घडण कुलूप आणि किल्ली यांसारखी वेगळी असते. वयात न आलेल्या कोळ्यास कुलूपही नाही आणि किल्लीही नाही. आमच्या नातीच्या कोळ्यास नाव का मिळाले नाही, ते आता ध्यानात येईल.

येथवर समजल्यावर आम्हांस वाटले की, किनाऱ्यावरील कोळ्यांचे म्हणून एक कुल असेल, ते पाहिले म्हणजे काम झाले. पण तसे काही नाही. खाडीकाठी कांदळवनाच्या फांद्यांत जाळे लावणारा लांब जबड्यांचा कोळी एका कुलाचा, सुक्या वाळूवर धावणारा लांडगा कोळी दुसऱ्याचा, कातळावर उड्या मारणारा तिसऱ्याचा. आपल्याकडील आडनावांचेच उदाहरण घ्या. एकाच गावावरून 'कर' लावणारी दहा घरे असली तरी त्यांचे गोत्र एक असते असे नाही. गावाने आडनाव मिळते. गोत्र मिळत नाही.

या गोष्टीची खरी परीक्षा होते ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या कोळ्यांत. त्यांत डेसिस ही प्रजाती प्रमुख होय. अंगावर दाट बारीक लव असल्यामुळे पाण्यात बुडतानाही तिच्याभोवती हवेचा थर राहतो. पुढे आलेले जबडे शरीराच्या मानाने दांडगे असतात. कातळाच्या फटीत, पोवळ्याच्या भोकांत किंवा रिकाम्या शिंपल्यात हा कोळी तंतूंची घट्ट कोठडी विणतो व भरती आली की हवेसह आत बसून राहतो; ओहोटी झाली की बाहेर येऊन बारीक कवचधारी प्राणी मारून खातो. न्यूझीलंडमधील डेसिस मरीना ही जाती समुद्रवनस्पतींच्या मुळवंडांत राहते व १९ दिवसांपर्यंत पाण्याखाली काढू शकते, असे तेथील अभ्यासकांस आढळून आले. तिला प्राणवायूच फार थोडा लागतो, हे त्यातील एक मर्म.

याच जातीची नामकरणकथा मनोरंजक आहे. १८७० नंतरच्या दशकात केप कॅम्पबेल येथे रॉब्सन नामक गृहस्थांस ती सापडली. युरोपातील गोड्या पाण्यात अर्गिरोनेटा नावाचा कोळी बुडबुड्याचे घर करून राहतो, हे विद्वानांस ठाऊक होते. मग हाही पाण्यातला, तेव्हा त्याचाच बंधू, असे समजून हेक्टर यांनी त्यास अर्गिरोनेटाच्या प्रजातीत बसविले. दुसऱ्या पंडिताने शोधकाच्या नावावरून रॉब्सोनिया ही नवीच प्रजाती निर्माण केली. अखेर १८३७ पासून ग्रंथात नमूद असलेल्या डेसिसमध्ये तिची स्थापना झाली. निवासावरून गोत्र ठरविण्याची चूक केवळ आमच्यासारख्या मास्तरांनीच केली नाही, हे वाचून आम्हांस थोडे समाधान वाटले!

पुढची मौज अशी की, ज्या कुलात डेसिस आहे त्याच कुलात ऑस्ट्रेलियातील खिडक्यांच्या चौकटीत राहणारा काळा घरकोळीही आहे. एक भाऊ समुद्राच्या फटीत, दुसरा माणसाच्या खिडकीत. उलट फ्लोरिडापासून जपानपर्यंतच्या किनाऱ्यांवर आढळणारी पॅराथ्यूमा ही प्रजाती डेसिससारखीच ओहोटीच्या पट्ट्यात राहते म्हणून कित्येक वर्षे तिच्या कुलात गणली जात होती. गेल्या काही वर्षांत पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासण्यात आले, तेव्हा ती तेथून निघून गोड्या पाण्यातील त्या अर्गिरोनेटाच्या गोतावळ्याकडे गेली. आणि अर्गिरोनेटा स्वतः आजवर एकाहून अधिक कुलांत फिरून आला आहे. म्हणजे समुद्राकाठी घर करण्याचा प्रयोग कोळ्यांच्या निरनिराळ्या घराण्यांनी स्वतंत्रपणे केला आहे, व सारख्या अडचणींनी त्यांस सारखे वळण लावले आहे.

आपल्या देशातही डेसिसचे वास्तव्य आहे. गार्डिनर यांच्या मोहिमेत लखदीव बेटांवर मिळालेल्या जातीस पोकॉक यांनी १९०४ साली डेसिस गार्डिनेरी हे नाव दिले. दुसरी जाती मद्रासच्या संग्रहालयाचे प्रमुख ग्रेव्हली यांनी १९२७ साली वर्णिली. तिचे स्थान पांबनजवळील क्रुसडाई बेट. रामेश्वरची यात्रा केलेल्या वाचकांनी पांबनचा पूल ओलांडला असेलच. त्याच्या आसपासच्याच समुद्रातील हे बेट. ग्रेव्हलींनी दिलेले नाव डेसिस इनर्मिस. लॅटिन 'इनर्मिस' म्हणजे निःशस्त्र. दांडग्या जबड्यांच्या घराण्यातील प्राण्यास हे नाव मिळावे, याचे संस्कृतज्ञास कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. नामकरणाची हौस आजही ओसरलेली नाही. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरील डेसिसच्या एका नव्या जातीस बॉब मार्ले या जमैकाच्या गायकाचे नाव दिले गेले. कारण काय, तर त्याचे एक गीत भरती-ओहोटीवर आहे!

आता ज्यासाठी हा लेख लिहिण्याची उत्कंठा वाटली ते सांगून संपवितो. क्रुसडाई ज्या मन्नारच्या आखातात आहे तेथे २१ बेटे होती. चुन्यासाठी व बांधकामासाठी तेथील पोवळ्यांचे खडक वर्षानुवर्षे खणून नेण्यात आले. १९८६ साली ते क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षिले गेले खरे. परंतु पुढे २१ पैकी २ बेटे पाण्याखाली गेली. पोवळ्याच्या भोकात घर करणाऱ्या कोळ्यांस याचा काय उपद्रव झाला असेल, याची कल्पना करावी. आपल्या कोकणातही समुद्राची धूप थांबविण्यासाठी ठिकठिकाणी बंधारे पडत आहेत. माणसाची घरे वाचली पाहिजेत, याविषयी आमचा वाद नाही. मात्र ज्या कातळाच्या फटींत कोण राहते हे पाहण्यासही कोणी गेले नाही, त्यांवर धोंडे लोटताना आपण काय पुरीत आहो हे आपणांस ठाऊक नसते. नाव मिळण्यापूर्वीच नाहीशा झालेल्या जीवाची हानी नोंदविताही येत नाही.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच. पंचांग प्रत्येक घरी असतेच. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते व तितकीच खोल सुकती होते. भांगाच्या दिवसांत कातळ एवढा उघडा पडत नाही. किनाऱ्याजवळ जाणे झाल्यास अशी तिथी साधून मुलांस घेऊन जावे, वेळीच परत फिरावे, आणि उलटलेला धोंडा होता तसाच पुन्हा ठेवावा. कारण ते कोणाचे तरी घर असते.

आमच्या नातीच्या वहीत आम्ही दुरुस्ती केली. 'समुद्रकोळी' हा शब्द खोडून आता तेथे तिच्याच अक्षरात लिहिले आहे : "नाव अजून कळले नाही. येत्या अमावास्येला पुन्हा पाहणे." आमच्या पन्नास वर्षांच्या अध्यापनात याहून प्रामाणिक उत्तर आम्ही कोणत्याही पाटीवर लिहविले असल्याचे आठवत नाही.