कागदावर नाव नसलेल्यांचा कारभार

५ ऑक्टोबर १९६२. सीरियाच्या हसाका प्रांतात एका दिवसात शिरगणती झाली. १९४५ पासून इथे राहत असल्याचा पुरावा दाखवा, असे कुर्द लोकांना सांगण्यात आले. पुरावा नसलेल्या सुमारे १ लाख २० हजार कुर्दांचे नागरिकत्व गेले. एकाच घरात कोणी नागरिक, तर कोणी परका ठरला. जमीन नावावर होईना, सरकारी नोकरी मिळेना. आम्ही कारकुनी करणारे. एका दाखल्यावाचून माणूस किती दारांवरून परत फिरतो, हे आम्ही रोज पाहतो. तिथे तर पिढ्या अशाच गेल्या.

२०११ साली देशात यादवी पेटली. जुलै २०१२ मध्ये सरकारी फौजा कोबानीसारख्या कुर्द शहरांतून निघून गेल्या. आता पाव, पाणी, भांडणतंटे कोणी पाहायचे? वस्तीवस्तीत लोकांच्या समित्या उभ्या राहिल्या. जानेवारी २०१४ मध्ये जझीरा, कोबानी व आफ्रीन या तीन भागांनी स्वयंशासन जाहीर केले.

त्यांचा एक नियम आमच्या माताभगिनींनी नीट वाचावा. प्रत्येक समितीला दोन प्रमुख असत, एक पुरुष व एक स्त्री. सभागृहात किमान ४० टक्के स्त्रिया असाव्यात, असे २०१४ मध्ये ठरले. त्याच वर्षी जझीरात बहुपत्नीत्व व बालविवाह यांवर बंदी आली, वारसाहक्क समान झाला. जझीरात कुर्दी, अरबी व सुरयानी या तिन्ही भाषांना मान मिळाला. ज्यांची भाषा दाबली गेली, त्यांनी शेजाऱ्याची भाषा दाबली नाही, हे मोठेपण आहे.

सगळेच गोमटे होते असे नाही. विरोधकांना अटक झाली, अल्पवयीन मुले लढाईत ओढली गेली. मानवी हक्कवाल्या संस्थांनी २०१४ सालीच हे दाखवून दिले. आपला म्हणून कोणाचा दोष झाकू नये.

किंमतही मोठी पडली. २०१४ च्या सप्टेंबरपासून चार महिने कोबानी 'इस्लामिक स्टेट'च्या वेढ्यात होते. स्त्रियांच्या पलटणींनीही ते लढवले आणि राखले. मार्च २०१८ मध्ये आफ्रीन तुर्कस्तानच्या फौजेने घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये असद यांची सत्ता कोसळली. १० मार्च २०२५ रोजी नव्या सरकारशी करार झाला. त्यात कुर्दांचा नागरिकत्वाचा हक्क लेखी मान्य झाला.

१९६२ साली जे नाव खोडले, ते पुन्हा कागदावर यायला अनेक दशके लागली. पण त्याची वाट पाहत हे लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. समितीत खुर्ची मांडून बाईला बसवायला त्यांना कोणाचा दाखला लागला नाही. आपल्या वस्तीच्या मंडळात अशी खुर्ची आहे काय?